भाई मोकळे होते

उबेदनं पुन्हा पास दिला. समोर अडवायला कोणी नाही, बास्केट डोक्यावर, आणि ह्यानं मान वळवून बॉल फराजभाईंकडे टाकला. भाईंनी मारला. गेला नाही. गॅलरीतून कोणीतरी शिट्टी मारली, ती कौतुकाची नव्हती.

आणि मॅचच्या आधी ह्याच कोर्टवर, ह्याच उबेदला ट्रॉफी मिळाली होती. सीझनमध्ये सगळ्यात जास्त सुधारलेला प्लेअर. माइकवर नाव घेतलं तेव्हा अख्खा हॉल उभा राहिला होता. आता तोच हॉल चुळबुळ करत होता.

घरची सवयच तशी, काय करणार. त्यांच्या घरात फराजभाईंनी पहिला घास घेतल्याशिवाय कोणी जेवणाला हात लावत नाही. अब्बा गेल्यापासून भाईच अब्बा. बॉल धरायला भाईंनी शिकवलं, क्लबमध्ये भाईंनी आणलं. मग भाई कोर्टवर असताना शॉट आपण मारायचा, हे उबेदच्या हातांना माहीतच नव्हतं. अख्खा गेला सीझन तो नुसता पास देत राहिला. लोक त्याला फराजचा भाऊ म्हणायचे, नाव कोणाला ठाऊक नव्हतं. मग ह्या सीझनच्या पहिल्याच मॅचला भाईंचा गुडघा गेला. पास द्यायला कोणी उरलं नाही. म्हणून त्यानं मारला. गेला. परत मारला, परत गेला. मग थांबलाच नाही तो.

आज शेवटची मॅच. गुडघा बरा होऊन भाई पहिल्यांदाच उतरलेले. आणि उबेद परत गेल्या वर्षीचा झाला.

टाइमआउटला जासिमनं त्याच्या अंगावर टॉवेल फेकला. जासिम बहारीनी, पण अख्खी टीम त्याच्याशी हिंदीतच बोलते. "उबेद, ट्रॉफी वापस दे दे. किसी और लड़के को दे देते हैं."

सगळे हसले. तारिक कोच हसला नाही. तो दोन्ही भावांच्या मधोमध येऊन बसला आणि हळूच हिंदीत म्हणाला, "तुम्ही दोघं मिळून मला एकच प्लेअर देता. मग पुढच्या सीझनला मी एकच ठेवीन."

कोणता, ते विचारायची गरज नव्हती. एकाच्या हातात ट्रॉफी, दुसऱ्याच्या गुडघ्यावर टाक्यांचे व्रण. दोघांचे व्हिसे क्लबवर, आणि भाईंच्या व्हिसावर भाभी आणि छोटी सुहा. क्लब सुटला की बहारीन सुटलं, सरळ रत्नागिरी.

आणि उबेदच्या डोक्यानं काय काढावं?

"भाई, तुम्ही मारा," तो कानात म्हणाला. "मी आणून देतो बॉल. दिसू दे त्याला."

"आणि तू?"

"माझं काय. माझी ट्रॉफी झाली."

भाई बुटाची लेस बांधत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "यल्ला, चल," एवढंच म्हणाले आणि उठले.

मग उबेद नुसता पळत सुटला. ह्याच्याकडून बॉल काढ, भाईंना दे. त्याच्याकडून काढ, भाईंना दे. हात शिवशिवत होते, स्वतःला शॉट मिळत होते, सोडून देत होता. भाईंचे काही गेले, काही नाही. स्कोअर जवळ आला. पण तारिक कोच भाईंकडे बघतच नव्हता. तो उबेदकडे बघून नाही नाही अशी मान हलवत होता.

शेवट आला. एका पॉइंटनं मागे. घड्याळात जेमतेम एक शॉट उरलेला. बॉल उबेदकडे, अंगावर दोघं. आणि कोपऱ्यात भाई, एकटे, एकदम मोकळे. ती त्यांची जागा. तिथून ते झोपेतही घालतात.

उबेदनं पास द्यायला हात उचलले.

भाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. बोटात बोटं अडकवली आणि उभे राहिले.

"भाई," उबेद ओरडला.

भाई त्याच्याकडे बघत राहिले. हात पुढे आले नाहीत.

मग दुसरं काय करणार? उबेदनं दोघांच्या मधून उडी घेतली आणि मारला. बॉल रिंगवर बसला, फिरला, आणखी फिरला आणि बाहेर पडला. भोंगा वाजला. हरले.

उबेद कोणाशी हात मिळवायला थांबला नाही. तरातरा कोपऱ्यात गेला. सगळा हॉल ऐकतोय ह्याचंही त्याला भान नव्हतं.

"मोकळा होतास ना तू? वर्गात शिक्षा झाल्यासारखा उभा काय राहिलास? तुझ्यासाठी मरत होतो मी इथं. कोणी सांगितला होता तुला मोठेपणा? मॅच घालवलीस तू."

"अजून?" भाई म्हणाले. हात अजून मागेच.

"अजून काय अजून? तू सुद्धा किती घाण खेळलास आज. पुढच्या मॅचला असा उभा राहिलास ना, तोंडावर बॉल मारीन. आणि तिथून मीच मारणार, तू बाजूला हो."

बेंचवर तारिक कोच उभा राहिला होता. मराठीचं एक अक्षर त्याला कळत नव्हतं. त्यानं जासिमला विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"मला काय माहीत," जासिम म्हणाला. "पण भावासमोर त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकतोय."

कोचनं दोघांकडे बघितलं. मग मागे वळून मॅनेजरला म्हणाला, "खलास, ठरलं. दोघांचे व्हिसे रिन्यू कर."