बेंजोचा फोल्डर

लॅपटॉप सकाळपासून एकच गाणं गात होता: जागा शिल्लक नाही.

राजेशने नवीन हार्ड डिस्क जोडली आणि आवाजांच्या लायब्रऱ्या एकेक करून तिच्यात ढकलायला घेतल्या. आधी परदेशी व्हायोलिनांचा ताफा. तो एवढा अवजड, की त्याच्यापुढे काळाचौकीतली राजेशची खोली लहान पडावी. मग पियानो, नगारे, तुताऱ्या. कीबोर्डवर बोट ठेवलं की लॅपटॉपमधून हे सगळे वाजत. मंडळाच्या गणपतीच्या पाद्यपूजनाला पूर्वी अख्खी बेंजोपार्टी लागायची, आता एकटा राजेश पुरत होता.

सगळ्यांत लहान फोल्डर बेंजोचा. राजेशची झोप उडवली होती ती मात्र त्यानेच.

तो बेंजो रामदासकाकांचा होता. राजेश लहानपणी त्यांच्याच पार्टीत झांजा वाजवायला शिकला. दोन गणपतींपूर्वी काका स्वतः मागे लागून याच खोलीत वाजवायला बसले. एकेक बटण, एकेक सूर, हळू, जोरात, परत हळू. "आटप रे, आटप," म्हणून राजेशलाच घाई करत होते. राजेशने सगळं रेकॉर्ड केलं, त्याची लायब्ररी बनवली, आणि पुढच्या वर्षी मंडळाने काकांना बोलावलंच नाही. सुपारी राजेशला दिली. काकांनी आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि तो धोंडा राजेशच्या लॅपटॉपमध्ये होता.

काका याबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त घरी यायचे बंद झाले. त्यांनी भांडण काढलं असतं तर राजेशला बरं वाटलं असतं.

"राजेश!"

दाराला बेल होती, तरी बाहेरून हाक आली. राजेशच्या बायकोने, आकांक्षाने दार उघडलं. रामदासकाका उभे होते, दोन्ही हात पँटच्या खिशात. घोडपदेवहून चालत आले होते. आत येऊन ते खाटेच्या कडेवर बसले, तेही हात खिशातच ठेवून. राजेश पाया पडला, तेव्हा पाठीवर नेहमीची थाप पडली नाही.

आकांक्षाने चहा पुढे केला.

"ठेव गो थंयच," काका म्हणाले.

कप स्टुलावर राहिला. काकांसारखा चहाबाज माणूस चहाकडे बघेना, म्हणजे राग केवढा असेल, हे राजेशला कुणी सांगायला नको होतं.

"काय चाललंय?" काकांनी विचारलं.

"लायब्रऱ्या हलवतोय. लॅपटॉप फुल झाला."

"माझा बेंजोपण?"

"हो. तो शेवटी."

"नीट जाऊ दे. पुसला-बिसला जाईल."

राजेशचे कान तापले. टोमणा त्याला बरोबर लागला.

"यंदा पाद्यपूजनाला तूच ना?"

"मंडळाने तसं ठरवलंय, काका."

"चांगलं आहे," काका म्हणाले आणि भिंतीकडे बघत बसले.

चहावर साय धरली. तेवढ्यात शेजारच्या मालनताईंनी गॅलरीतून हाक मारली, तसे काका उठून त्यांच्याशी बोलायला बाहेर गेले.

राजेशची कामाची रीत ठरलेली होती. आधी कॉपी करायची, डिस्कवरून एकदा वाजवून बघायची, मगच लॅपटॉपमधून काढायची. व्हायोलिन, पियानो, नगारे, सगळं याच रीतीने पार पडलं होतं. राहिला होता बेंजो. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. जुनी डिस्क गेल्या पावसाळ्यात मेली होती.

त्याने तो फोल्डर कॉपी केला नाही. सरळ काढून टाकला. कायमचा काढू का, असं लॅपटॉपने विचारलं. राजेश हो म्हणाला.

छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं त्याला. आता मंडळाला काकांच्या दारात जावंच लागणार होतं.

आकांक्षा मागे उभी होती. "मुद्दाम पुसलंस?"

"हलवताना उडालं. कोणी विचारलं तर तूपण हेच सांग."

त्याने लगेच मंडळाच्या अध्यक्षाला, हर्षवर्धनला फोन लावला. "अरे, लोच्या झालाय. बेंजोची लायब्ररी उडाली. यंदा काकांनाच बसवायला लागेल."



"काकांना सांगितलंस?" हर्षवर्धनने विचारलं.

"इथेच आलेत. सांगतो आता."

"राजेश... तू आधी त्यांच्याशी बोल." फोन कट झाला.

अध्यक्ष रुसले. रुसोत, राजेशला त्याची पर्वा नव्हती. फार दिवसांनी तो मनापासून खूश होता.

काका आत येऊन परत खाटेवर बसले.

"काका, चहा गरम करून देतो. मग एक चांगली बातमी सांगायची आहे."

"आधी माझं ऐक. तुझ्यापासून किती दिवस लपवणार?"

त्यांनी हात खिशातून काढले. काढायलाही वेळ लागला. मग ते मांडीवर ठेवले. बोटं आत वळलेली होती आणि तशीच राहिली.

"कप धरता येत नाही रे. लोकांसमोर नको वाटतं. रेकॉर्डिंगच्या वेळीच आखडायला लागली होती, म्हणून तर तुझ्या मागे लागलो. मंडळालापण मीच सांगितलं, सुपारी राजेशला द्या, आणि का ते कोणाला बोलू नका. बोटं गेलेला बेंजोवाला म्हणून कोणी बघायला नको."

काका लॅपटॉपकडे बघून हसले.

"माझे हात तुझ्याकडे सुखरूप आहेत, म्हणून रात्री झोप लागते मला. लाव बघू जरा."