डॅशबोर्डवरचा गडद पट्टा

एकशे वीस नंबरचा पॉलिश पेपर संपला होता. आईच्या गोळ्यांच्या डब्यात आता स्क्रू होते. बाबांच्या चहावर साय धरली होती. शेजारच्या बोटीवर कुणीतरी बादली आपटली.

आमच्या जुन्या बोटीचा लाकडी डॅशबोर्ड उन्हानं पांढुरका पडला होता. स्टिअरिंगच्या डावीकडचा दोन वितींचा पट्टा तेवढा गडद होता.

“हा डाग नाही काका, हाच मूळ रंग,” पॉलिशवाला म्हणाला. “बाकीचं उन्हानं खाल्लंय. सगळं ह्याच रंगाचं करतो. मग हा पट्टा शोधूनही सापडायचा नाही.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“करून टाकू या ना, बाबा.”

“तू म्हणशील तसं.”

आई गेल्यापासून ते सगळ्यालाच असं म्हणत होते.

चौथ्या दिवशी डॅशबोर्ड आरशासारखा चमकायला लागला. “बोट विशीतली दिसतेय,” पॉलिशवाला म्हणाला. “तुमच्यावर मात्र माझा इलाज नाही, काका!”

बाबा तोंडदेखलं हसले. मग त्यांनी स्टिअरिंगच्या डावीकडे तळवा टेकवला, थोडा वर सरकवला, पुन्हा खाली आणला.

“नक्की कुठं होता हो तो?”

“बघा! म्हटलं नव्हतं?” पॉलिशवाला खूश झाला.

समोरचा वारा सोसत नसल्यामुळे आई सव्वीस वर्षं डॅशबोर्डला पाठ टेकून, बाबांकडे तोंड करून बसायची.