टवका

दातांच्या लॅबमध्ये पेशंटचं नाव येत नाही. येतो फक्त नंबर आणि तोंडाचा डिजिटल स्कॅन. या वेळी दाढेची सिरॅमिक कॅप तेवढी मागितली होती. पण पुढच्या दाताचा टवका उडालेला दिसला, तसा कारागिरानं तिथं नेमका बसेल असा तुकडाही आपणहून घडवून पाठवला.

डॉक्टरांचा फोन आला. "कॅप चपखल बसली. किती टिकेल, पेशंट विचारतायत."

"वीस वर्षं तरी बघायला नको."

"पुढचा तुकडा मात्र परत पाठवतेय. लहानपणी धाकट्या भावानं दगड मारला होता म्हणे. 'तो आता माझ्याशी बोलत नाही, त्याची एवढीच खूण राहिलीय,' म्हणाले."

कारागिरानं अंगावरचा एप्रन सोडला.

"पाठवू नका, मीच येतो," तो म्हणाला. "तोवर दादाला बसवून ठेवा."