तपासणीचा सांगाडा

आमच्या वाशिमच्या नर्सिंग कॉलेजात शरीररचना नुसती पाठ करून घेतात. माझी मैत्रीण नाजिया एकदा म्हणाली, "सर, एखादं खरं हाड तरी दाखवा ना." सर खेकसले, "पेपरात हाड येते का? गुमान पाठ कर!"

मग कॉलेजच्या मान्यतेची तपासणी लागली आणि प्राचार्यांनी रिसोडहून एका दिवसापुरता सांगाडा मागून आणला. जीपच्या टपावर आदळून-आपटून त्याची दोन्ही पावलं निखळली होती. सरांनी ती घाईघाईत तारेनं बांधली. नाजियानं पाहिलं. "सर, हे पाय..." एवढंच ती बोलली.

"एक शब्द काढला त प्रॅक्टिकलले नापास करीन तुले!"

तपासणीचे साहेब आले. सांगाडा डोक्यापासून पायापर्यंत पाहिला, "वा, उत्तम सोय आहे," म्हणाले आणि जेवायला बसले. जाताना साहेब, प्राचार्य आणि सर सांगाड्याला मधे घेऊन हसत उभे राहिले. तोच फोटो आता कॉलेजच्या फाटकावर टांगलाय. खाली लिहिलंय, 'इथे विज्ञान प्रत्यक्ष शिकवतात.'

काल अनसिंगची एक बाई पोरीला घेऊन ॲडमिशनसाठी आली. फोटोसमोर थबकली, नीट निरखून पाहिलं आणि पोरीचा हात धरून मागे फिरली. "चाल बाई घरी. टाचा पुढं अन् बोटं मांगं! भूत हाये इथं."

 

फाटकापाशीच उभी असलेली नाजिया म्हणाली, "एकच नाही, मावशी. फोटोतले चारही."