लाडका सीन

तो प्रेमाचा धमाल सिनेमा आम्हा बहिणींना तोंडपाठ. मागच्या आठवड्यात मी मित्राला लग्नासाठी नकार दिला, तेव्हा तो हसत म्हणाला, “तुझा लाडका हिरो तरी कुठे नकार ऐकतो?” आज सकाळी मात्र छत्री परत करायला आला, हात धुतले, शहाण्यासारखा निघून गेला. “सुटलीस एकदाची!” म्हणत धाकटीने दुपारी तोच सिनेमा लावला. हिरो साबणाच्या वडीवर हिरॉइनच्या किल्लीचा ठसा घेतो, तशीच दुसरी बनवतो आणि ती नसताना तिचं घर फुलांनी भरून टाकतो. धाकटी पोट धरून हसली. मला हसूच येईना. “कसला गोड वेडा!” म्हणत ती हात धुवायला गेली. आतून ओरडली, “ताई, गुलाबाचा साबण कुठंय गं? सकाळीच नवीन काढला होता!” मी दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली नाकाशी नेली. किल्लीला गुलाबाचा वास येत होता.