धुराडं

फळी घसरून दाणकन अंगणात पडली, तेव्हा लहानू अजून छपरावरच होता.

आत पार्वतीबाई, काजळी घरात उडू नये म्हणून चुलीच्या तोंडाला लावलेलं ओलं पोतं काढत होती. आवाज ऐकून ती बाहेर धावली. नवरा सिमेंटच्या पत्र्यावर पालथा पडलेला, हातपाय पसरून. मुठीत अजून दोर होता आणि दोराच्या टोकाला काजळीनं माखलेला चिंध्यांचा बोळा.

"पत्रा तडकला वं," तो हळू आवाजात म्हणाला. जोरात बोललं तरी तुटेल, असं त्याला वाटत असावं.

तसं त्यानं सगळं नीट केलं होतं. चूल रात्रीपासून थंड ठेवली. ऊन चढायच्या आत वर गेला. पत्र्यावर पाय न देता फळी टाकली आणि तिच्यावरूनच सरकत धुराड्यापर्यंत पोचला. पण आतली काजळी दगडासारखी बसली होती. ती खरवडता खरवडता ऊन अंगावर आलं, आणि परत फिरताना घामेजला पाय फळीवरून सटकला. फळी गेली, तो राहिला.

शेजारचा प्रेमानंद शिडी लावून चढला. त्यानं पत्र्यावर हात टेकला मात्र, लहानूच्या पोटाखाली कडकड वाजलं. लहानूनं त्याला तिथूनच मागं फिरवलं. आता छपरावर आडवी टाकता येईल अशी लांब शिडी हवी होती. ती मंडपवाल्याच्या गोदामात होती, आणि गोदाम सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे. प्रेमानंद पळत सुटला.

पार्वतीबाईनं आत येऊन वर पाहिलं. पत्र्यात उजेडाची एक बारीक रेघ उमटली होती. तिनं घरातल्या गाद्या ओढल्या, गोधड्या ओढल्या, पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली कोरी रजईसुद्धा काढली, आणि सगळं त्या रेघेखाली रचलं.

मे महिन्यातलं ऊन. एरवी त्या पत्र्याला कोणी बोट लावलं नसतं. ती अंगणातून मग्ग्यानं पाणी फेकू लागली. पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत पोचायचं आणि तिच्या डोळ्यांदेखत वाळून जायचं. भाजून राहिलं का, असं तिनं विचारलं. तो नाही म्हणाला. पण दात आवळून म्हणाला, ते तिला खालून कळलं.

पिंपातलं पाणी संपलं. ती आत येऊन रेघेखाली उभी राहिली. तिथून त्याचा श्वास ऐकू येत होता. तिला खोकला आला. तिनं पदर तोंडात कोंबला, तरी तो दाबला गेला नाही. वर्षभर हाच खोकला चालला होता. काल रात्री तीच त्याला म्हणाली होती, की या धुरानं एक दिवस माझा जीव जाईल.

"पार्वते," वरून आवाज आला. "चूल पेटवून पाह्य बरं. धूर जाते का?"

ते नंतर पाहू, असं ती म्हणाली. त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याचा आवाज जडावला होता. त्याला बोलतं ठेवायला हवं, एवढंच तिला सुचलं.

"पेटवली ना," ती म्हणाली. "सरका वर जाऊन राहिला धूर."



"मी धुराड्यापाशीच हावो वं," तो म्हणाला. "मले तर धुराचा वास बी नाई येऊन राहिला."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस तिच्यापायी वर भाजत पडला होता, आणि ती त्याला फसवत होती. एवढं समाधान मिळालं तर निवांत पडून राहील, असं तिनं मनाशी ठरवलं. तिनं चुलीत कागद सारला, खोक्यांची फळकुटं रचली आणि काडी ओढली. धूर क्षणभर चुलीच्या तोंडाशी घुटमळला. मग वरून कोणी ओढून घ्यावा तसा धुराड्यात शिरला.

धुराडं लहानूच्या डोक्यामागं होतं; धूर पाहायचा तर त्याला वळावं लागणार होतं.

"हालू नोका," ती ओरडली. "तिथंच राहा. मी सांगतो ना तुमाले, जाऊन राहिला."

त्यानं मान वळवली असावी. मग खांदा. ती पाहत असतानाच उजेडाची रेघ गाद्या ओलांडून चुलीकडं गेली.

"निघाला वं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं. "सरका निघाला."

पत्रा तुटल्याचा आवाज फार मोठा झाला नाही. लहानू गाद्यांपासून हातभर अंतरावर पडला. त्याचं डोकं चुलीच्या ओट्यावर आपटलं.

प्रेमानंद आणखी तिघांना घेऊन शिडी खांद्यावर टाकून आला, तो दारातच थबकला. मग आत येऊन उकिडवा बसला आणि लहानूच्या नाकाशी बोटं धरली. बराच वेळ धरून ठेवली. उठल्यावर त्यानं सोबतच्यांना शिडी बाहेर ठेवायला सांगितलं.

वस्तीतल्या बाया जमल्या. भगदाडातून ऊन थेट जमिनीवर पडलं होतं आणि त्यात सिमेंटची धूळ अजून खाली बसत होती. पार्वतीबाई नवऱ्याचा काळा हात मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. प्रेमानंदची बायको मेघा पाण्याची बादली घेऊन चुलीपाशी गेली. आता लोक येतील, घरात धूर नको, असं ती हलक्या आवाजात कोणाला तरी म्हणाली.

पार्वतीबाईनं मान वर केली आणि घरभर नजर फिरवली.

"धूर कुठं हाय वं?" तिनं विचारलं.