पंपाची तोटी

आमच्या गावच्या अग्निपथकाचा स्थापनेपासूनचा नियम: ज्याचं घर पेटलं, त्याच्या हाती पंपाची तोटी द्यायची नाही. त्या वादळी दुपारी पेटलं ते पथकप्रमुख गोटहार्डचंच घर. तोटी त्याच्याच मुठीत, धार स्वतःच्या दारावर. ठिणग्या मात्र शेजारच्या आफ्राआजीच्या गवती छपराकडे. "आण ती इकडे," पथकातला क्विरिन ओरडला. शेताच्या बांधावरून त्याच्यात आणि गोटहार्डमध्ये सहा वर्षं अबोला होता. "तुझ्या हाती? माझं घर जळावं म्हणूनच टपलायस!" "नंतर भांड, बाबा. नियम दरवर्षी तूच वाचून दाखवतोस." छप्पर धुमसू लागलं. गोटहार्डने तोटी दिली. क्विरिनने धार वळवली नाही. "हुकूम प्रमुखाचा. बोल, कुठे मारू?" गोटहार्डने घराकडे पाहिलं, खिडकीतला पडदा पेटला. "आजीच्या छपरावर." धार वळली. नदीवरून बादल्या पोचवणाऱ्या रांगेतल्या गोटहार्डच्या बायकोने भरलेली बादली क्षणभर छातीशी धरली, मग पुढच्या हातात दिली.